‘अंडर द टेबल’

‘अंडर द टेबल’ हे शब्द कानावर पडले की आपल्याकडे माणूस आधी खिसा चाचपतो. कुठलं तरी काम अडलंय आणि काहीतरी द्यावं लागणार, हाच त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक. मला मात्र हे शब्द ऐकले की टोकियोतली एक खोली आठवते. घडीची लांबट टेबलं, त्यांच्याखाली दाटीवाटीनं बसलेले माझे आठ विद्यार्थी, आणि त्यांच्यात कोंबली गेलेली मी, त्यांची इंग्रजीची टीचर. ती हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २००३ मध्ये आम्ही टोकियोला गेलो. तिथल्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाई नावाचा भाग आहे. २००० सालच्या आगेमागे कॉम्प्युटरच्या कामासाठी आलेली बरीच भारतीय कुटुंबं तिथं राहू लागली, त्यांतलंच आमचं एक. नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा, मुलगी शाळेत. मी कराडला सात-आठ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. म्हटलं, इथंही शिकवू. एका खासगी इंग्रजीच्या क्लासमध्ये विचारायला गेले. तिथल्या बाईंनी कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे मला सांगितलं, की आम्हाला ‘नेटिव्ह’ माणसं लागतात. इतक्या अदबीनं हाकलून दिल्याचा अनुभव मला त्याआधी नव्हता. बाहेर आल्यावर मीच थँक्यू म्हटलं.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीनं एक वर्ग मिळाला. वॉर्डाचं एक सार्वजनिक सभागृह होतं, आपल्याकडचं समाजमंदिर म्हणा. तिथं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी साडेतीन ते पाच. पगार नाही; खोलीचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. एप्रिल २००५ मध्ये आम्ही सुरुवात केली. विद्यार्थी आठ, आणि बहुतेक सगळे माझ्यापेक्षा वयानं मोठे. नावं सांगत नाही, आमच्या घरात त्यांना जी टोपणनावं होती तीच सांगते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमनकाका. तोफूचं दुकान चालवणाऱ्या तोफूवाल्या बाई. हवाईला जायचं म्हणून पैसे साठवणाऱ्या, आणि तिथं गेल्यावर काय बोलायचं याचीही तयारी करणाऱ्या हवाईबाई. आणि एक वहीवाल्या बाई. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, नीटनेटक्या, वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसणाऱ्या. मी बोलले की त्या लिहून घ्यायच्या. मी शिंकले तरी लिहून घेत असाव्यात. पण चार महिन्यांत ‘यस’, ‘नो’ आणि ‘थँक्यू’ यापलीकडे त्या बोलल्या नव्हत्या.

जपानी माणसाला इंग्रजी येत नाही असं म्हणणं खोटं आहे. त्याला इंग्रजी शब्द पुष्कळ येतात, फक्त ते इंग्रजांना कळत नाहीत. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना एका विद्यार्थिनीनं सांगितलं, ‘आय लिव्ह इन मॅन्शन.’ माझ्या डोळ्यांपुढे थेट राजवाडा. मी विचारलं, ‘किती खोल्या?’ उत्तर आलं, ‘टू.’ जपानीत ‘मान्शोन’ म्हणजे आपला साधा फ्लॅट! मला हसू आवरलं नाही. मी मॅन्शनचा खरा अर्थ फळ्यावर चित्र काढून दाखवला, खांब, कारंजं, दारात हत्तीसुद्धा. सगळा वर्ग हसला. पहिल्याच दिवशी वर्ग मोकळा झाला म्हणून मी खूश.

पुढेही असंच. हवाईबाई म्हणाल्या, ‘यस्टरडे आय एट वायकिंग.’ काल मी समुद्री चाचा खाल्ला! चौकशी केल्यावर कळलं, की ‘वायकिंग’ म्हणजे बुफे जेवण. टोकियोच्या इम्पीरिअल हॉटेलनं १९५८ मध्ये बुफेचं रेस्टॉरंट काढलं, त्याच्या नावात वायकिंग होतं, तेव्हापासून अख्खा देश वायकिंग जेवतो. हसण्यासारखं आहे खरं. पण आपण तरी काय करतो? लंडनच्या माणसाला साडीला ‘फॉल-पिको’ करून आण म्हणून सांगा, किंवा हॉटेलात ‘एक कटिंग’ मागा. शब्द त्यांचा, संसार आपला.

तर तो दिवस. २३ जुलै २००५, शनिवार. शाळांना नुकतीच उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. नवरा शनिवार असूनही ऑफिसात. सात वर्षांच्या मुलीला शेजारच्या आजींकडे सोपवून मी वर्गाला आले. चपला-बूट खाली दारात काढायचे आणि तिथल्या सपाता घालून वर जायचं, ही तिथली पद्धत. त्या सपाता सगळ्यांना एकाच मापाच्या. माझ्या पायातून त्या सतत निसटायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आत शिरल्याबरोबर हवाईबाई म्हणाल्या, ‘टीचर, टुडे यू आर व्हेरी स्मार्ट!’ गेल्या आठवड्यात मी तापानं पडून होते. आज जरा बुद्धी दिसते आहे असं यांना वाटलं की काय? मी जरा ताठ झाले. मग त्यांनी दोन्ही हात कमरेशी नेऊन बारीक झाल्याची खूण केली. जपानीत ‘स्मार्ट’ म्हणजे सडपातळ. चार महिन्यांत माझ्या हुशारीबद्दल मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्रक असं तापाच्या नावावर जमा झालं.

त्या दिवशीचा धडा होता ‘ए, ॲन, द’. हा धडा शिकवायला मी फार योग्य होते असं नाही. मी मराठी शाळेतली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि घरी वडील तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसायचे. मराठीत ‘द’ नाही, जपानीतही नाही. ‘द’ कुठं लावायचा हे ज्यांना रक्तातून कळत नाही अशा एका माणसानं तशाच आठ माणसांना ते शिकवायचं, असा तो प्रकार होता. म्हणूनच मी त्याबाबत जास्त कडक होते. नव्यानं पथ्य पाळणारा माणूस इतरांच्या ताटावरही नजर ठेवतो, तसं.

ऐकण्याच्या सरावासाठी मी कॅसेट प्लेअर आणला होता. मोटरमनकाका तो लावायला उठले. वायर हातात घेऊन ते टेबलाखाली शिरले आणि तिथून आवाज आला, ‘टीचर, व्हेअर इज कन्सेंट?’

कन्सेंट म्हणजे संमती. मला वाटलं, बिचारे परवानगी मागताहेत. मी म्हटलं, ‘यू हॅव माय कन्सेंट.’ ते खालून ‘थँक्यू’ म्हणाले आणि रांगत पुढच्या टेबलाखाली गेले. तिथून पुन्हा, ‘टीचर, नो कन्सेंट!’ मी म्हटलं, ‘यस, यस, कन्सेंट!’ असं तीन टेबलं चाललं. शेवटी तोफूवाल्या बाईंनी भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. जपानीत ‘कोन्सेन्तो’ म्हणजे विजेचा प्लग जिथं घालायचा ती जागा.

माझ्यातल्या मास्तरणीनं संधी सोडली नाही. लगेच फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘ही इज अंडर द टेबल.’ म्हणा सगळ्यांनी! ‘ही इज अंडर टेबल.’ नाही, ‘द’ टेबल. ‘अंडर टेबल.’ कुठलंही टेबल नव्हे, काका ज्याच्याखाली आहेत ते टेबल, म्हणून ‘द’! काका अजून खालीच होते. त्यांना वाटलं, धडा संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. दहा-बारा वेळा घोकून घेतलं. दर वेळी तो ‘द’ पळून जायचा. वहीवाल्या बाईंकडे पाहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या खाली मान घालून लिहीत होत्या.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी फळ्याच्या कडेवरचा खडू खाली पडला.

आधी वाटलं, माझाच धक्का लागला. मग खिडकीची काच थरथरली, आणि एकदम कुणीतरी खोली दोन्ही हातांनी धरून चाळणीसारखी हलवायला लागलं. आजकाल जपानमध्ये भूकंपाच्या काही सेकंद आधी मोबाइल ओरडतो. पण सर्वसामान्यांसाठी ती सोय २००७ पासूनची. तेव्हा सूचना म्हणजे तो खडू.

आता मी कराडची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण तो आमच्या घरात रोज जेवायला असायचा. लहानपणी रात्री भांडी किणकिणली की आई एकच वाक्य ओरडायची, ‘आधी अंगणात पळा!’ दगडमातीच्या घरांत तेच शहाणपणाचं होतं. जमिनीनं जरा कूस बदलली की माझे पाय आपोआप दाराकडे धावतात. तसे ते धावले. एक सपात मागं राहिली, एक पुढे गेली. वाटेत मोटरमनकाका आडवे आले, त्यांना मी सरळ ढकललं.

आणि त्याच क्षणी कुणीतरी माझा हात धरून मला खाली ओढलं. कानाजवळ मोठा, खणखणीत आवाज आला, ‘टीचर! नो रन! अंडर टेबल!’

त्या वहीवाल्या बाई होत्या.

आता सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगते. गुडघे टेकलेले, डोक्यावर टेबल खडखडतंय, काळजाचं पाणी झालंय, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, ‘द टेबल! अंडर द टेबल!’

एक क्षण सगळे गप्प. मग शेजारच्या टेबलाखालून तोफूवाल्या बाईंचा बारीक आवाज आला, ‘सॉरी, टीचर.’

इकडे मोटरमनकाकांनी, माझा धक्का खाऊनही, भिंत धरत दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्यात खुर्ची घातली. पळण्यासाठी नव्हे, चौकट वाकली तर दार अडकतं, मग बाहेर पडता येत नाही, म्हणून. हलणं थांबल्यावर ते खोलीच्या मध्ये उभे राहिले. तिथले मोटरमन कामावर असताना प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतात, चूक होऊ नये म्हणून. त्याच थाटात त्यांनी हात लांब करून बोटानं दाखवलं, ‘डोअर, ओके! विंडो, ओके! पीपल...’ सगळ्यांना मोजलं, ‘नाइन, ओके!’ शेवटी माझ्या पायांकडे बोट. ‘टीचर, स्लिपर, नॉट ओके!’ हसावं की रडावं कळेना. आम्ही हसलो.

खाली अंगणात आलो. कुणी मोबाइलवर बातमी शोधत होतं, कुणी घरी फोन लावत होतं. मीही मुलीला फोन करायला हात घातला, तर पर्स वर राहिलेली. मी जिन्याकडे वळले. चार पायऱ्या चढले असेन, तोफूवाल्या बाईंनी ओढणी धरून मला परत खेचलं. ‘नो गो बॅक!’ पुढचे धक्के येतात, परत आत जायचं नाही. थोड्या वेळानं काकांनीच बेतानं पर्स आणून दिली. फोन लावला, लागेना. सगळं टोकियो एकाच वेळी फोन करत होतं. मुलगी दहाव्या मजल्यावर, सोबतीला पंच्याहत्तरीच्या आजी. माझा चेहरा पाहून वहीवाल्या बाई फक्त म्हणाल्या, ‘आय गो. टुगेदर.’

आमच्या इमारतीपर्यंत चालत वीस मिनिटं. लिफ्ट बंद. त्या दिवशी टोकियो आणि आसपासच्या भागात ६० हजारांहून अधिक लिफ्ट आपोआप थांबल्या होत्या, काहींत माणसंही अडकली होती. रेल्वेगाड्या तर कित्येक तास खोळंबल्या. नवरा रात्री उशिरा घरी पोचला. भूकंपाचं मान होतं ६. आदाची वॉर्डात हादरे सर्वात जास्त बसले. सुदैवानं कुणी दगावलं नाही. पण हे सगळं मागाहून कळलं. त्या क्षणी माझ्यापुढे फक्त जिना होता, नऊ मजल्यांचा.

आणि त्या जिन्यात वहीवाल्या बाई बोलत होत्या. मी घाबरून गप्प होते म्हणून त्या बोलत होत्या. ‘बिल्डिंग स्ट्राँग, ने?’ जपानी वाक्याच्या शेवटी हा ‘ने’ येतो, आपल्या ‘ना’सारखाच. ‘बिल्डिंग डान्स. डान्स गुड. नो डान्स, बिल्डिंग ब्रेक.’ भूकंपात मोडू नये म्हणून उंच इमारती लवचिक बांधतात, १९८१ पासून तिथले नियमही कडक झाले, हे मी आधी कुठं कुठं वाचलं होतं. पण इतक्या थोडक्या शब्दांत ते मला कुणी समजावलं नव्हतं. त्यात एकही ‘द’ नव्हता, आणि त्याच्यावाचून काही अडलंही नव्हतं.

सहाव्या मजल्यावर आम्ही दम खायला बसलो. मी म्हटलं, ‘तुम्ही किती छान बोलता! वर्गात का नाही बोलत?’

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘थर्टीन यीअर ओल्ड. स्कूल. आय रीड इंग्लिश. एव्हरीबडी लाफ. आफ्टर, आय क्लोज माउथ.’ आणि पुढे, अगदी हळू, डोळ्यांत तक्रार नसताना, ‘फर्स्ट डे, टीचर लाफ ऑल्सो. मॅन्शन.’

मंडळी, भूकंपानं जे झालं नव्हतं ते त्या पायरीवर झालं. ‘आय लिव्ह इन मॅन्शन’ म्हणणाऱ्या त्या याच. मी ज्याला वर्ग मोकळा होणं समजत होते, ते हसणं एका माणसाच्या तोंडावर पुन्हा कुलूप घालून गेलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी धीर करून त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि मी फळ्यावर हत्ती काढला होता. कराडहून आलेल्या माझ्यासारखीला हे कळू नये? कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुण्यात माझ्या इंग्रजीला मुली हसल्या होत्या, तेव्हा दोन महिने मी मागच्या बाकावर बसून होते. मी ‘सॉरी’ म्हटलं. त्या गडबडून दोन्ही हात हलवत ‘नो, नो’ म्हणाल्या आणि वही काढून काहीतरी लिहायला लागल्या. बहुधा मी सॉरी कसं म्हटलं ते.

दहाव्या मजल्यावर आजींचं दार उघडं, खुर्ची लावलेली. आत जेवणाच्या टेबलाखाली आजी आणि आमची लेक बसल्या होत्या. लेकीच्या डोक्यावर शाळेतून सुट्टीसाठी घरी आणलेली, भूकंपात घालायची ती कापसाची जाड टोपी, आणि हातात कलिंगडाची फोड. मी रडत तिला जवळ घेतलं. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘आई, तू पळाली नाहीस ना?’

तिथल्या शाळेत मुलांना चार नियम पाठ करून घेतात. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. लेकीनं ते मला बोटांवर मोजून दाखवले. मी मनातल्या मनात हिशेब केला. दाराकडे पळाले. काकांना ढकललं. टेबलाखाली व्याकरण बोलले. आणि पर्ससाठी परत फिरले. चारांपैकी चारही! सात वर्षांची मुलगी पास आणि तिची आई, तीसुद्धा शिक्षिका, सपशेल नापास.

पुढच्या शनिवारी मी वर्गात गेले ती ठरवून, की बोलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नाही. आधी पूर्ण ऐकायचं, दुरुस्ती नंतर, आणि हसायचं ते त्याच्याबरोबर, त्याच्यावर नाही. ‘गेल्या आठवड्यात काय झालं ते कोण सांगेल?’ असं विचारलं. नेहमीची शांतता. आणि वहीवाल्या बाई उभ्या राहिल्या. वही मिटलेली.

‘लास्ट वीक,’ त्या म्हणाल्या, ‘बिग अर्थक्वेक. टीचर रन. आय कॅच. टीचर गो अंडर टेबल.’

मी ओठ घट्ट मिटून घेतले. पण बाकीचे सात जण एका सुरात ओरडले, ‘द टेबल!’ आणि सगळ्यांत आधी हसल्या त्या वहीवाल्या बाईच.

२००९ मध्ये आम्ही भारतात परत आलो. निरोपाच्या दिवशी मोटरमनकाकांनी मला बोटानं आपादमस्तक तपासून ‘टीचर, ओके!’ असा शेरा दिला. तेवढं एक प्रशस्तिपत्रक मी जपून ठेवलं आहे.

११ मार्च २०११ ला जपानचा तो महाभूकंप झाला, त्सुनामी आली. ईशान्य किनाऱ्यावर हजारो माणसं गेली. टोकियोही जोरात हादरलं. टीव्हीवरची दृश्यं बघवत नव्हती आणि बंदही करवत नव्हती. फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ई-मेल उघडली, तर वहीवाल्या बाईंचं चार ओळींचं पत्र आलेलं. इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं: ‘मोठा भूकंप. मॅन्शन खूप वेळ नाचला. वर्गातले सगळे ओके. मी टेबलाखाली होते.’

शेवटच्या ओळीत ‘अंडर द टेबल’ होतं. आणि त्यातला ‘द’ त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिला होता.